त्रुटी क्रमांक नऊ

२ एप्रिल, बुधवार

मी डायरी लिहिणाऱ्यांतला नाही. चौतीस वर्षं पंपांच्या कारखान्यात तपासणी विभागात काढली, तिथे माझं सगळं लिखाण दोन शिक्क्यांत भागायचं: पास आणि नापास. ही वहीसुद्धा मी गाडीचे दोष नोंदवायला आणली होती. पण आज ताईने फोनवर जो निकाल दिलाय, त्यानंतर माणसांच्याही नोंदी ठेवलेल्या बऱ्या. उद्या कुणी म्हणायला नको, असं ठरलंच नव्हतं.

आधी दोष. गाडी थंड असताना पहिल्या सेल्फला चालू होते. सहा सिलिंडर, दोन कार्बोरेटर, दोनच दारं, आणि नाक एवढं लांब की वळणावर आपल्याआधी तेच पोचतं. वय पस्तीस, पण चढावर अजून भल्याभल्यांना मागे टाकते. फक्त तापलेली असताना बंद केली आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत किल्ली फिरवली, की संपलं. सेल्फ फिरत राहतो, इंजिन काही पेटत नाही. चाळीस मिनिटं थांबलं की मग मुकाट्याने चालू होते.

आज पेट्रोल पंपावर तेच झालं. पेट्रोल, हवा, काच पुसणं, सगळं मिळून बारा मिनिटं गेली आणि मग गाडी हलेना. मागे रांग. शेवटी दोन टेम्पोवाल्यांनी ढकलून बाजूला लावली. त्यातला एक म्हणाला, "काका, ही चालवायला घेतलीय की बघायला?" आमची ही शेजारच्या सीटवर स्वेटर विणत बसली होती. चाळीस मिनिटांत तिची एक बाही पूर्ण झाली. घरी आल्या आल्या तिने ताईला फोन करून सगळं रामायण सांगितलं.

ताई आम्हा तिघांत मोठी. सत्तर वर्षांची आहे, तासाभराच्या अंतरावर राहते, आणि तिच्यापुढे मी साठीतही चड्डीतलाच. तिचा निकाल असा: "सत्तावीस तारखेला, रविवारी, दोघांनीही माझ्याकडे जेवायला यायचं. तू गाडी घेऊन ये. दारात बंद कर. मी घड्याळ लावून पंधरा मिनिटं मोजते, मग चालू कर. झाली तर गाडी कायमची तुझी, त्याने नाव काढायचं नाही. नाही झाली तर किल्ली त्याच्या हातात, तू नाव काढायचं नाही. दोन वर्षं तुमची फुगलेली तोंडं बघून वीट आलाय मला."

मी म्हटलं, मान्य, पण लेखी दे.

"लेखी कशाला, थोबाडीत देते एक," म्हणाली आणि फोन ठेवला.


५ एप्रिल, शनिवार

'त्याने' म्हणजे धाकट्याने. त्याच्याबद्दल एकदा लिहून टाकतो, म्हणजे परत लिहावं लागणार नाही.

गाडी आम्ही दोघांनी मिळून घेतली, तीस वर्षांपूर्वी, वापरलेली. तेव्हा माझ्याकडे जागा नव्हती म्हणून ती त्याच्या शेडमध्ये राहिली. तो फ्रीज दुरुस्त करतो. चालवायचो दोघंही, पण बोनेटखाली हात त्याचाच. मी निवृत्त झालो तेव्हा म्हटलं, आता थोडी वर्षं माझ्याकडे राहू दे. तो एका शब्दात हो म्हणाला. मला वाटलं होतं आढेवेढे घेईल.

आता, कुठलीही वस्तू ताब्यात घेताना तपासणी ही करावीच लागते. त्यात वैयक्तिक काही नसतं. मी त्याच्या दारात बोनेट उघडलं, टॉर्च आणि आरसा घेऊन दोन तास बघितलं आणि त्रुटींची यादी केली. तेवीस निघाल्या. यादीच्या दोन प्रती केल्या, खाली सहीला जागा ठेवली. घरची मंडळी होती, त्याची दोन गिऱ्हाइकंही उभी होती. मी यादी मोठ्याने वाचून दाखवली, कारण पद्धत तशी आहे. त्याने सही केली, किल्ली बोनेटवर ठेवली आणि आत निघून गेला. तेव्हापासून बोलत नाही. त्या तेवीसपैकी नक्की कोणती त्रुटी त्याला मान्य नव्हती, हे मला अजून कळलेलं नाही.

सगळ्या तेवीस मी सहा महिन्यांत दूर केल्या. रबरी नळीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला होता, तो काढला. वायरींना चिकटपट्ट्या होत्या, त्या गेल्या. आणि क्रमांक नऊ तर कहर होता: दोन्ही कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मध्ये बोटभर जाडीचा तपकिरी फायबरचा तुकडा, हाताने कापलेला, कडा वाकड्यातिकड्या, फ्रीजच्या कामातून उरलेलं काहीतरी. त्या जागी मी लेथवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी करून घेतली. शतांश मिलिमीटरपर्यंत नेमकी, आणि चकचकीत इतकी की त्यात बघून दाढी करावी. बोनेट उघडलं की पहिली नजर तिच्यावरच जाते.

आणि हा गरम असतानाचा दोष त्या यादीत नव्हताच. म्हणजे धाकट्याने तो इतकी वर्षं लपवून ठेवला. नाहीतर मी सगळं नीट केल्यावरच तो कसा दिसायला लागला?


९ एप्रिल, बुधवार

पेट्रोलचा पंप बदलला. नवा बसवला, बारा किलोमीटर फिरवली, दारात बंद केली, पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला. नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला हिच्या बहिणीचा फोन येतो. हल्ली रोज येतो. पूर्वी महिन्यातून एकदा यायचा तर ही कुरकुरायची. बहिणी-बहिणींचं बरं जमलंय हल्ली. ही फोन घेऊन थेट गॅलरीत जाते आणि दार लोटून घेते.

आज फोन झाल्यावर आत आली आणि मला विचारते, "अहो, चालू होत नाही तेव्हा पेट्रोलचा वास येतो का हो?"

मी म्हटलं, "पेट्रोलच्या गाडीला पेट्रोलचाच वास येणार. अत्तराचा कसा येईल?"

"जास्त येतो का, असं विचारलं."

येतो. चांगला डोकं उठेपर्यंत येतो. पण हे तिला सांगण्यात काही अर्थ नव्हता.


१२ एप्रिल, शनिवार

दोष जाईपर्यंत त्याच्याबरोबर राहायला शिकावं लागतं. मी नियम केलाय की बाहेर पडल्यावर इंजिन बंदच करायचं नाही. भाजीला गेलो तर हिला चालू गाडीत बसवून जातो. आज बँकेतही तसंच केलं. आत पाऊण तास लागला. परत आलो तर गाडीचा काटा लालला टेकलेला आणि हिचाही.

"मी काय तुमचा हँडब्रेक आहे का?" म्हणाली.

चूक तिची नाही, हे मान्य. पण माझीही नाही. दोष ज्याने लपवला त्याची.


१४ एप्रिल, सोमवार

मिस्त्रीने इग्निशनची कॉइल बदलून बघितली. फरक शून्य. तो म्हणाला, "साहेब, ठिणगी मस्त आहे. पेट्रोलचंच काहीतरी आहे. भाऊंना विचारलंत का? त्यांच्या हातात असताना गाडी कधी माझ्याकडे आलीच नाही."

मी म्हटलं, गाडी तुझ्याकडे आली नाही हा तिचा गुण की तुझा?

जेवताना ही म्हणते, "पेडल पूर्ण खाली दाबून धरून बघितलंय का कधी? वरखाली नाही करायचं, त्याने पेट्रोल आणखी आत जातं. दाबून धरायचं आणि सेल्फ मारायचा."

मी तिला नीट समजावून सांगितलं की पेडल दाबल्याने गाडीला हवा जास्त मिळते, मदत होत नाही. बोलता बोलता मला शंका आली की हवा जास्त मिळणं हीच कदाचित मदत असेल. पण वाक्य अर्ध्यावर सोडणं मला जमत नाही, म्हणून पूर्ण केलं.

ती झोपल्यावर, म्हणजे दुपारची झोपल्यावर, खाली जाऊन केलं. गाडी फेरी मारून तापवली, पंधरा मिनिटं थांबलो, पेडल तळापर्यंत दाबलं. बराच वेळ सेल्फ फिरला, मग काळा धूर सोडून चालू झाली. नोंद: योगायोग. आणि दर वेळी असा धूर सोडत ताईच्या दारात उभं राहणं काही शोभणार नाही.


१७ एप्रिल, गुरुवार

आज धाकटा दिसला. सिग्नलला मी उभा, तो स्कूटरवर माझ्या शेजारी येऊन थांबला. माझ्याकडे बघितलंच नाही. मान जरा वाकडी करून, डोळे मिटून, गाडीचा आवाज ऐकत होता. मागे फ्रीजचा कॉम्प्रेसर दोरीने बांधलेला. हिरवा झाला, लोक हॉर्न वाजवायला लागले तरी हा तसाच. दोन वर्षांनी भाऊ समोर आला तर माणूस निदान मान हलवतो. मला इतका राग आला की घर येईपर्यंत मी तिसऱ्याच गिअरमध्ये होतो.

संध्याकाळी ही म्हणते, "आवाज जरा जड येतोय का हो गाडीचा? पेट्रोल जास्त पीत असल्यासारखा?"

"तू आज गाडीत बसलीच नव्हतीस."

"मला आपलं वाटलं."

बायकांना घरबसल्या काय काय वाटतं.


१९ एप्रिल, शनिवार

आठ दिवस राहिले. पंप, कॉइल, प्लग, फिल्टर, सगळं नवं. गाडी आहे तशीच. मी हात टेकले आहेत, हे फक्त इथे लिहितो.

आज एक वाईट विचार आला. ताईच्या घराच्या अलीकडे एक किलोमीटरवर थांबायचं, बोनेट उघडून तासभर गार होऊ द्यायची, मग हळूच तिच्या दारात न्यायची. एवढ्याशा अंतरात तापणार नाही, पंधरा मिनिटांनी आरामात चालू होईल. कुणाला कळणार आहे? मनात सगळा आराखडा तयार झाला, झाड कोणतं तेही ठरलं. मग माझीच मला लाज वाटली. चौतीस वर्षांत एकही खोटा शिक्का मारला नाही. मोठ्या साहेबाने सांगूनही मारला नाही, बढती गेली तरी नाही. आता भावाला हरवायला मारू?

पण गाडी जायला नको. हे हिला बोलून दाखवता येत नाही. निवृत्त झाल्यापासून मी पास म्हटलं काय आणि नापास म्हटलं काय, कुणाचं काही अडत नाही. गेल्या महिन्यात कारखान्यात सहज गेलो तर नव्या पोराने मला अभ्यागत म्हणून बिल्ला लावला. सकाळी उठून बोनेट उघडलं की वाटतं, आज आपल्याकडे काम आहे. ती गेली तर मी सकाळी उठून काय उघडू, वर्तमानपत्र?


२२ एप्रिल, मंगळवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो, कारण क्रम सोडला तर मला परत पटणार नाही.

गाडी फिरवून आणली, बंद केली. ही जिन्यात उभी होती. म्हणाली, "त्या चकचकीत पट्टीला हात लावून बघितलाय का कधी, बंद केल्यावर?"

"कशाला?"

"बघा तरी."

तिचं तोंड बंद करायला म्हणून लावला. दोन बोटं अशी भाजली की माझ्या तोंडून जो शब्द निघाला तो या वहीत लिहिता येणार नाही. ही बर्फ आणायला वर गेली, पण मला वाटतं तो तिने आधीच ट्रेमधून काढून ठेवलेला होता, इतक्या लवकर आली.

बर्फात बोटं घालून मी बोनेटसमोर उभा राहिलो. कान देऊन ऐकलं तर कार्बोरेटरमध्ये बुडबुड आवाज येत होता. पेट्रोल उकळत होतं. इंजिनची सगळी उष्णता धातूच्या पट्टीतून सरळ वर चढत होती. चालू असताना गार पेट्रोल येत राहतं म्हणून कळत नाही. बंद केलं की आतलं उकळून इंजिनमध्ये उतू जातं आणि सगळं ओलंचिंब करून टाकतं. फायबरमधून उष्णता जात नाही. एवढंच होतं. हे शाळेत सातवीत शिकवतात. फ्रीजवाल्याला तर झोपेतही माहीत असणार.

नापास माल मी कधी फेकत नाही, पद्धत आहे. तेवीसही वस्तू डब्यात, प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवलेली. नऊ नंबर काढला. चिठ्ठी ओली करून खरवडली, तर तिच्याखाली खिळ्याने कोरलेली अक्षरं होती. धाकट्याचंच अक्षर, उकार उलटे. "उष्णता अडवायला. काढू नये." आणि खाली तारीख, सव्वीस वर्षांपूर्वीची.

ती तारीख मला चांगली माहीत आहे. आई दवाखान्यात होती ते दिवस. धाकटा दिवसातून चार-चार वेळा आम्हाला घेऊन जायचा, दाराशी थांबायचा, परत आणायचा. गाडी दर वेळी गरम असायची आणि दर वेळी पहिल्या सेल्फला चालू व्हायची. मी मागच्या सीटवर बसलेला असायचो. ती चालू कशी होते हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही आणि नंतर पडला तो असा, मोठ्याने वाचून दाखवायला.

'काढू नये' या शब्दांवर मी 'नापास' चिकटवलं होतं. न वाचता. मला फार वाईट वाटतंय. बोटं अजून चुरचुरताहेत.


२४ एप्रिल, गुरुवार

फायबरचा तुकडा साफ करून नव्या पॅकिंगसह बसवला. कडा वाकड्या आहेत, पण बसतो मात्र चपखल. वाकड्या आहेत कारण बाजूचा पाइप चुकवायला तिथे तशाच हव्या होत्या, हेही आज कळलं.

तीन वाजता हिचा फोन वाजला, दोन दिवसांनी. ही गच्चीवर कपडे काढायला गेली होती. स्क्रीनवर लिहिलं होतं, 'बहीण'. म्हटलं, मेहुणीची चौकशी तरी करू. उचलला.

"वहिनी, लागला का दादाचा हात पट्टीला?"

  मागे कुठल्यातरी फ्रीजची घरघर ऐकू येत होती. बराच वेळ आम्ही दोघं त्या फ्रीजचा आवाज ऐकत होतो. मग त्याने ठेवला.

ही खाली आली, कपड्यांचा ढीग हातात. मी म्हटलं, "तुझ्या बहिणीचा फोन होता."

"काय म्हणत होती?"

"सर्दी झालीय तिला. आवाज बसलाय."

ही माझ्याकडे बघत राहिली. मग कपड्यांच्या घड्या घालायला लागली. मला राग यायला हवा होता. माझ्याच घरात, माझ्याच गॅलरीतून, महिनाभर मला शिकवणी लावलेली. पण राग काही आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, जेवण तरी गेलं असतं.


२६ एप्रिल, शनिवार

अकरा चाचण्या. तापवणे, बंद करणे, पंधरा मिनिटं, सेल्फ. अकरापैकी अकरा. शेवटच्या दोन भर दुपारी, बोनेट बंद ठेवून. गाडी निर्दोष आहे.

म्हणजे उद्या ती माझी होणार. मी जिंकणार, त्याच्या तुकड्यावर, त्याच्या उत्तरावर, त्याच्याच समोर. आणि ताई त्याला सांगणार, आता नाव काढायचं नाही.

हिला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "तपासणी तुमचं खातं. मी काय सांगणार?" पहिल्यांदाच तिला काही वाटलं नाही.


२७ एप्रिल, रविवार

ताईकडे साडेअकराला पोचलो. धाकटा आधीच आलेला, बसने. स्कूटर का आणली नाही, म्हणून ताईने विचारलं तर म्हणाला, क्लच गेलाय. माझ्याशी बोलला नाही. मीही नाही. ताईने दारात उभं राहून फर्मान सोडलं, "बंद कर." केली. तिने स्वयंपाकघरातलं घड्याळ आणून कट्ट्यावर ठेवलं आणि सगळे त्याच्याकडे बघत बसलो. मी बरीच मोठी मोठी कामं तपासली आहेत, पण अशी पंधरा मिनिटं कधी काढली नव्हती. धाकटा जरा बारीक झालाय. केस पूर्ण पांढरे. मी दोन वर्षांत बघितलेच नव्हते.

"हं, झाली पंधरा. बस."

मी बसलो, दार लावलं. एक सेल्फ मारायचा होता, बस्स. किल्ली फिरवण्याआधी मी पेडल वरखाली केलं. आठ-दहा वेळा, तळापर्यंत. मग सेल्फ मारला. फिरला, पेटली नाही. परत पंप केलं, परत मारला. आता वासही सुटला. ताईने नाकाला पदर लावला.

"नाही होत," मी म्हणालो.

धाकटा बोनेटपाशी उभा होता. मान जरा वाकडी केली, सिग्नलला केली होती तशी. मग सावकाश खिडकीशी आला, वाकला आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "दादा, पाय काढ."

दोन वर्षांनंतर हे पहिलं वाक्य.

"माझा पाय कुठे ठेवायचा ते मला कळतं."

"तू पंप करतोयस. मला ऐकू येतंय."

"तुला काय करायचंय?" मी म्हटलं. मग उतरलो, ताईसमोर गेलो आणि मोठ्याने सांगितलं, "नापास." आयुष्यात पहिल्यांदा हा शिक्का चांगल्या मालावर मारला. आवाज जरा चिरकला, पण मारला. किल्ली तिच्या हातावर ठेवली. तिने ती धाकट्याला दिली. मला वाटलं होतं ती काहीतरी टोमणा मारेल, पण ती "चला, पानं वाढते" म्हणत घाईघाईने आत गेली.

अंगणात आम्ही दोघंच राहिलो. धाकटा किल्ली बोटावर फिरवत होता. काहीतरी बोलायला हवं होतं. मला माफी मागता येत नाही, कशी मागतात ते बघितलेलंही नाही. मी म्हटलं, "त्या यादीतला नऊ नंबर चुकीचा होता."

तो म्हणाला, "आणि बाकीचे बावीस?"

"बाकीचे बरोबर होते."

तो इतक्या मोठ्याने हसला की ताई पळी घेऊन बाहेर आली. हसताना त्याने कट्ट्याला हात टेकला आणि ते घड्याळ खाली पडलं. घड्याळ फुटलं. ताई आम्हा दोघांनाही जे बोलली ते आई असताना बोलायची तसंच होतं.

जेवून तो निघाला. पेडल दाबून धरलं, लांब सेल्फ मारला, काळा धूर, आणि चालू. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी उभा होतो. आम्ही बसने आलो. हिला खिडकीची जागा मिळाली. स्वेटर काढला, पण विणलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "नाटक अजिबात जमत नाही हो तुम्हाला."

मी म्हटलं, "कसलं नाटक?" ती खिडकीबाहेर बघायला लागली.


२८ एप्रिल, सोमवार

सहाला उठलो. खाली गेलो. गाडीच्या जागी तेलाचे चार डाग आहेत, ते रॉकेलने पुसले. वर्तमानपत्र वाचलं. साडेसातला संपलं.

तीन वाजता हिचा फोन वाजला नाही. मी दोनदा बघितला, चार्जिंग होतं.


२९ एप्रिल, मंगळवार

सकाळी माझा फोन वाजला. हिचा नाही, माझा. धाकटा.

"दादा, गाडी गरम झाली की चालू होत नाहीये."

मी म्हटलं, शक्यच नाही. शनिवारी मी अकरा चाचण्या घेतल्या, अकराच्या अकरा पास. हे बोलल्यावर लक्षात आलं की हे मी त्याला सांगायला नको होतं. पण त्याने त्याबद्दल काही विचारलं नाही.

"ते शनिवारचं. आज होत नाहीये."

"पॅकिंग गळतंय का? वास येतो? पेडल दाबून धरून बघितलंस?"

"सगळं बघितलं. मला काही सापडत नाही. तूच येऊन बघ."

"मिस्त्रीला बोलव."

"तो काय बघणार? तू ये. वहिनींनाही आण. जेवायलाच या, दिवस जाईल यात. आणि उद्याचंही मोकळं ठेव, एका दिवसात सापडेल असं वाटत नाही."

हिला सांगितलं तर ती हसायलाच लागली. डोळे पुसून पुसून हसतेय. यात हसण्यासारखं काय आहे? तुकडा मी स्वतः बसवला, बोल्ट स्वतः आवळले, परवा ताईच्या दारातून नीट गेलेली गाडी. दीड दिवसात असा कोणता दोष उपटला असेल, माझं तर डोकंच चालत नाही. हत्यारं पिशवीत भरली आहेत. ही साडी बदलतेय. दहाची बस आहे, निघतो.